सात नंबरचा वास

डुबलांच्या घरात काहीही जपून ठेवायचं झालं की "माळ्यावर टाक" असं म्हणत. पूर्वी माळ्यावर गाद्या आणि तांब्याचा बंब असायचा. ईश्वरी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेली तेव्हापासून त्याच माळ्यावर, मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात, तिचा सर्व्हर राहत होता. काचा तडकलेले तीन जुने मोबाईल, तळहाताएवढा एक संगणक, दोन डिस्क आणि एक पंखा, ज्यात वर्षातून एकदा तरी पाल अडकायची. घरातले फोटो, पप्पांच्या ड्युटीचे कागद, आईच्या ऑर्डरी, ईश्वरीच्या नोट्स, सगळं त्या खोक्यात. बाहेरच्या कुठल्याही कंपनीकडे या घरातलं एक अक्षर नव्हतं.

"आपलं आपल्या घरात असावं," हणमंत डुबल म्हणायचे. कराड डेपोत एसटी चालवून त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती. मुलीच्या शिक्षणातलं त्यांना एवढं एकच कळलं होतं, आणि ते मात्र पुरतं पटलं होतं.

पण घरचा सर्व्हर म्हणजे घरची म्हैस. हौस म्हणून आणली तरी रोज बघावं लागतं. कधी डिस्क भरते, कधी वीज जाऊन आल्यावर काहीतरी उठतच नाही, कधी रविवारी दुपारी आईला अचानक मावशीच्या लग्नाचे फोटो हवे असतात आणि नेमके तेच सापडत नाहीत. त्यात २०३७ साल हे ईश्वरीचं शेवटचं वर्ष. प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा कंपायलर आता यंत्रंच लिहायची, पण परीक्षेत तो कागदावर हातानं लिहावा लागायचा, आणि तेही नीट अक्षरात. सेमिनार होता, प्रोजेक्ट होता. स्वतःच्या हातानं बनवायला घेतलेला मराठी कीबोर्ड मार्चपासून टेबलावर उघडा पडला होता; फक्त 'ळ'ची कळ डाग देऊन बसवायची राहिली होती. तेवढ्यासाठी सोल्डरिंग गन तापवायचाही तिला कंटाळा येई. झोपून न जाणारा थकवा असतो, तसला तिला आला होता.

तिच्या सगळ्या खटाटोपांत घरच्यांच्या खरोखर उपयोगी पडलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे नाक.

त्याचं असं झालं होतं. ईश्वरीची आई, छाया, विद्यानगरच्या हॉस्टेलांना इडली-डोशाचं पीठ पुरवायची. वीस वर्षं ती डब्याचं झाकण उघडून नुसत्या वासावर सांगत आली होती, की अजून दोन तास, की आता झालं. दोन उन्हाळ्यांपूर्वी मात्र तिनं आंबून पार आंबट झालेलं पीठ पाकिटांत भरून पाठवलं. चाळीस पाकिटं पोरांच्या फ्रिजमध्ये फुगून फुटली आणि हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंनी घरी येऊन जे ऐकवलं ते गल्लीनं ऐकलं. "सर्दी झालीया, वासच न्हाई आला," आई म्हणाली. सर्दीची तक्रार पुढंही चालूच राहिली, म्हणून ईश्वरीनं तिला नाक करून दिलं.

नाक म्हणजे काडेपेटीएवढी डबी. आत नखाएवढ्या चिपवर सोळा ठिपके, प्रत्येकावर वेगळ्या रसायनाचा थर. हवेतले वासाचे कण त्या थरांना चिकटले की प्रत्येक ठिपक्यातून जाणारी वीज कमी-जास्त होते. एकटा ठिपका तसा बावळट, त्याला काहीच ओळखता येत नाही. पण सोळांचे सोळा आकडे एकत्र पाहिले की वासाचा ठसा उमटतो, आणि अंगठ्याच्या ठशासारखा तो एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही. माळ्यावरचा सर्व्हर सारखे ठसे एका गठ्ठ्यात टाकायचा आणि गठ्ठ्याला नंबर द्यायचा. नंबरापुढं नाव लिहायचं काम माणसाचं. कच्चं पीठ, झालेलं पीठ, आंबट पीठ, गॅस, उदबत्ती, फोडणी, अशी ईश्वरीनं सहा नावं लिहिली होती. सातवा गठ्ठा पहिल्या महिन्यापासून येत होता. कसला कोण जाणे, म्हणून तिनं तो तसाच सोडला होता.

जूनच्या शेवटी सेमिनारसाठी काहीतरी दाखवायला हवं होतं. जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून वासाच्या ठशांचा एक मोठा साठा सगळ्यांसाठी खुला केला होता. कॉफीपासून आजारांपर्यंत हजारो ठसे. ईश्वरीनं तो उतरवून घेतला आणि घरचे सात नंबर त्याच्याशी लावून पाहिले. सहा जिथल्या तिथं जुळले. सातवा जुळला तो कंपवाताशी. शंभरात एक्याण्णव.

तिनं चहा ठेवून सगळं वाचून काढलं. हात कापायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी हा आजार मेंदूत सुरू झालेला असतो. त्या काळात माणसाच्या कातडीतून पाझरणाऱ्या तेलाची घडण बदलते, आणि मान, पाठ, कपाळ इथं एक मंद वास धरतो. भल्याभल्या माणसांच्या नाकाला तो कळत नाही. शेवटी एक ओळ होती, की रुग्णाचं स्वतःचं नाक याच काळात मंद होऊ लागतं. ती तिनं वाचली आणि पुढं गेली.

स्वयंपाकघरात दाराच्या मागं खुंटीवर पप्पांचा जुना खाकी शर्ट लटकत असे. डबी त्याच्या कॉलरजवळ नेली तर सात नंबरचा आकडा उसळला. खिशावरची पट्टी अजून शाबूत होती, ह. बा. डुबल. आतल्या खोलीतल्या उशीवरही सातच आला. ईश्वरीनं सात नंबरापुढं 'पप्पा' असं लिहिलं. दोन अक्षरांना कितीसा वेळ लागतो.

त्यानंतर ती कितीतरी वेळ फरशीवर बसून राहिली. रडू आलं नाही. असली माहिती बाहेरच्या कंपनीकडे असती तर निदान त्यांच्या माणसानं फोन केला असता, डॉक्टरचं नाव सांगितलं असतं. इथं सगळं घरातच होतं. कळलं तेही तिला एकटीलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आईला सांगितलं. आईनं ग्राइंडर बंद केला. दगड फिरायचे थांबले तशी खोली एकदम मोकळी वाटली.

"ह्यांना?" आई म्हणाली. "ह्यांना आसलं हुईल?"

"मशीन म्हणतंय. डॉक्टरांना दाखवायला पाहिजे. लवकर कळलं तर गोळ्यांचा उपयोग होतो म्हणे."

आईनं हात पदराला पुसले. "ह्यांना बोलू नगंस. मे महिन्यात रिटायर हुत्यात. अकरा महिनं राहिल्यात. आता गाडीवरनं उतरवलं तर खचत्याल. एकोणतीस वर्षात गाडीला एक चरा न्हाई त्यांच्या."

"आई, गाडीत चाळीस माणसं असतात."

"हात कापतोय का त्यांचा? बघ, तुला दिसतंय का? ज्या दिवशी कापंल त्या दिवशी मी सोता डेपोत जाऊन सांगीन. तवर मी बघते."

ईश्वरीनं वाद घालायला हवा होता. नव्या विजेच्या गाड्या ड्रायव्हर जरा चुकला तरी आपण होऊन थांबतात, अशी तिनं मनाची समजूत काढली. खरं कारण एवढंच, की वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

मग पहारा सुरू झाला. सकाळी पप्पा बशीत चहा ओतून प्यायचे. ईश्वरी समोर वही उघडून बशीकडं बघत बसायची. बशी हलत नसे. ते सुईत दोरा ओवायचे, टीव्हीच्या रिमोटचे बारके स्क्रू घट्ट करायचे. "काय बघतीस गं पोरी? मिशीला लागलंय व्हय काय?" ते विचारत, आणि ती मान खाली घालून कंपायलर वाचू लागे.

एकदा ते बाहेर व्हरांड्यात पेपर वाचत होते आणि तिथूनच म्हणाले, "छाया, मोहरी करपली." खरंच करपली होती. ईश्वरीनं आपल्या नोंदीत लिहिलं, पप्पांचं नाक अजून ठीक. शेगडीपाशी कोण उभं होतं ते लिहायचं तिला सुचलं नाही.

आई मात्र बदलली. हे थकतील म्हणून बाजाराच्या पिशव्या ती उचलू लागली. स्टुलावर चढू नका, पंखा मी पुसते. रात्री हळदीचं दूध, सकाळी भिजवलेले बदाम. पप्पा वैतागत. "मी काय बाळंतीण हाय का?" म्हणत. आई बदामाची वाटी पुढं सरकवी. तिची चाल मंदावली होती, चेहरा ओढल्यासारखा झाला होता, पूर्वीसारखी खळखळून हसत नव्हती. दुप्पट काम आणि मनावर हे ओझं, दुसरं काय होणार, असं ईश्वरीला वाटे आणि अपराधी वाटे. सांगितलं ते आपणच ना.

त्या दिवसांत आणखी एक बारीकसं काम निघालं. आई प्रत्येक पाकिटावर मार्करनं तारीख घालायची आणि ईश्वरीनं बसवलेला कॅमेरा ती वाचून माळ्यावर नोंद करायचा. ऑगस्टपासून कॅमेरा तारखा चुकू लागला. आकडे बारीक येत होते. पाकिटाच्या डावीकडं ठीक, उजवीकडं जाता जाता मुंगीएवढे. "आई, मार्कर बदल की," ईश्वरी म्हणाली. आईनं बदलला. तरी चुकतच होता, म्हणून ईश्वरीनं एका दुपारी कोड उघडलं आणि बारीक अक्षरही वाचता येईल अशी दुरुस्ती केली. काम जमल्याचं तिला त्या आठवड्यातलं एकमेव समाधान मिळालं.

नोव्हेंबरात पप्पांना गाड्यांच्या उजळणी प्रशिक्षणासाठी बारा दिवस पुण्याला जायचं आलं. आईनं बॅग भरून दिली, चार वेळा तब्येतीचं विचारलं. ते गेले त्या सकाळी खुंटीवरचा शर्ट धुवून वाळत घातलेला होता. आता बारा दिवस सात नंबर खाली जाणार, एवढं तरी कळेल की पप्पा नसताना घर कसं असतं, असं ईश्वरीला वाटलं.

तो खाली गेला नाही. तिसऱ्या दिवशी होता तेवढाच होता, पाचव्या दिवशी थोडा वरच.

मशीन बिघडलं. दुसरं काय असणार? तिनं चिप तापवून साफ केली. डबी बदलली. सर्व्हर बंद करून चालू केला, पंख्यातली पाल काढली. सहाव्या दिवशीही सात नंबर तिथंच.

सातव्या दिवशी सेमिनार होता. घरातलं नाव न घेता तिनं वासाचे आलेख दाखवले, आणि एक ठसा विनाकारण वाढतोय, बहुतेक सेन्सर बिघडलाय, असं सांगितलं. घोरपडे मॅडम चष्मा कपाळावर चढवून ऐकत होत्या. त्या तीस वर्षं शिकवत होत्या आणि कुणालाही वाईट वाटेल असं बोलायच्या नाहीत, म्हणून त्यांची जास्तच भीती वाटायची.

"डेटा कुणी गोळा केला?"

"मी, मॅडम."

"नावं कुणी लावली?"

"मीच."

"आणि तपासली कुणी?"

"कुणी नाही. सगळं घरच्या सर्व्हरवर आहे, बाहेर काहीच जात नाही."

"ते चांगलंच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण बाहेर गेलं नाही म्हणजे बाहेरच्या कुणी पाहिलंही नाही. मशीन तपासलंस ना? आता ते ठेव बाजूला. नाव तपास."

ईश्वरी घरी आली तेव्हा चार वाजले होते. आई पीठ कालवायच्या तयारीत होती. दाराच्या मागं हात घालून तिनं खुंटीवरचा खाकी शर्ट काढला आणि गाऊनवर चढवला. एक बाही, दुसरी बाही. पीठ उडू नये म्हणून ती हे रोज करायची. गल्लीतल्या सगळ्याच बायका करायच्या. नवऱ्याचा शर्ट विटला की तो बायकोच्या कामाचा होतो. ईश्वरी जन्मल्यापासून हे बघत आली होती, आणि म्हणूनच तिनं ते कधी पाहिलं नव्हतं.

तो शर्ट पप्पांनी अंगात घालून सहा वर्षं झाली होती.

आई पूर्वी शर्टाची बटणं लावायची. आता लावत नव्हती. उजवा हात पिठात कोपरापर्यंत गेला होता आणि हळूहळू फिरत होता. दोन उन्हाळ्यांपूर्वीची सर्दी, फुटलेली चाळीस पाकिटं, करपलेली मोहरी, मुंगीएवढ्या तारखा, सगळं ईश्वरीच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेलं. आईचं नाक गेलं म्हणून आपण नाक बनवलं, आणि ते का गेलं हे कधी विचारलं नाही. तिला स्वतःचा राग आला.

"आलीस? चहा ठेव की," आई म्हणाली.

ईश्वरीनं चहा ठेवला नाही. फळीवरची डबी उचलली आणि आईच्या मानेपाशी, केसांखाली धरली.

"आता काय माझा वास घेतीस व्हय?"

मोबाईलवर आकडा चढला. सात. पुढं तिनंच लिहिलेलं, पप्पा. मग ती धावत आत गेली, पप्पांचा स्वेटर कपाटातून काढला, त्यांनी जाण्याआधी आठवडाभर घातलेला, न धुतलेला. डबी त्याच्या कॉलरला लावली. एकपासून सातापर्यंत कुठलाच नंबर नीट आला नाही. उशीचं काय ते विचारायची गरजच नव्हती. या घरात उशा कुणाच्या ते कधी ठरलेलंच नव्हतं.

ती परत स्वयंपाकघरात आली आणि फरशीवर आईच्या पुढ्यात बसली. कसं सांगायचं ते तिला सुचेना, म्हणून जसं होतं तसं सांगितलं. शर्ट, उशी, नाव लिहिताना झालेली चूक. मशीन म्हणतं म्हणजे झालंच असं नाही, डॉक्टर सांगतील ते खरं, हेही दोनदा सांगितलं.

आईनं पिठातला हात काढला नाही. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "म्हंजी ह्यांना न्हाई?"

"नाही."

"नक्की न्हाई ना?"

"पप्पांना काही नाही, आई."

आईनं डोळे मिटले. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "माझं काय, मी कुठं गाडी चालवतीया."

तेव्हा ईश्वरीला रडू आलं. आईच्या मांडीवर, त्या खाकी शर्टात तोंड खुपसून ती हमसून रडली. आईनं पिठाचा हात वर धरून कोपरानंच तिचं डोकं थोपटलं.

"ह्यांना सांगू नगंस मातर," थोड्या वेळानं ती म्हणाली. "मे महिन्यापत्तूर. उगं काळजी करत्याल आन् लक्ष गाडीवर ऱ्हाणार न्हाई."

"सांगणार," ईश्वरी म्हणाली. नाक पुसलं. "एकदा तुझं ऐकलं. पाच महिने गेले. आता नाही ऐकणार."

आई पुन्हा पीठ कालवू लागली.

पप्पा पाच दिवसांनी, शनिवारी दुपारी आले. येताना आईला आवडते ती आल्याची वडी घेऊन आले. पुण्याहून वडी कशाला आणायची ती, म्हणून आई पुटपुटलीसुद्धा. हातपाय धुऊन ते बसले तशी ईश्वरी समोर बसली आणि सगळं सांगितलं. स्वतःची चूकही वगळली नाही. पाच महिने आपण बशीकडं का बघत होतो तेही सांगितलं. सोमवारी अकरा वाजता मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, हे शेवटी सांगितलं.

हणमंत डुबलांनी मध्ये एकदाही काही विचारलं नाही. एकोणतीस वर्षं समोरचा रस्ता बघत गप्प बसायची सवय झालेला माणूस. ईश्वरीचं बोलून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "म्हंजी बदाम चुकीच्या माणसाला खायला घातलं म्हणा की."

आईला हसू आलं, आणि हसता हसता तिनं तोंडाला पदर लावला.

पप्पा उठले. ओट्यावर भरलेली पाकिटं ओळीनं ठेवलेली होती, तारखा घालायच्या होत्या. त्यांनी आईच्या हातातला मार्कर घेतला, चष्मा लावला आणि गाडीवर फलक लिहावा तसे मोठे, ठसठशीत आकडे घालायला सुरुवात केली. आई शेजारी उभी राहून प्रत्येक पाकीट पुढं सरकवत होती. "वाकडं काढू नगा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला दिसतंय."

ईश्वरीनं मोबाईलवर माळा उघडला. सात नंबरापुढचं 'पप्पा' खोडलं आणि 'आई' लिहिलं. मागच्या सगळ्या नोंदी बदलू का, असं सर्व्हरनं विचारलं. दोन वर्षांच्या नोंदी होत्या. तिनं हो म्हटलं आणि त्या एकेक करून बदलत गेल्या, पार पहिल्या महिन्यापर्यंत.

कॅमेऱ्यासाठी केलेली दुरुस्ती आता काढून टाकावी असं तिच्या मनात आलं. पण ती दमली होती. राहू दे म्हणाली. पप्पांची पहिली तारीख त्यानं एका फटक्यात वाचली होती.